आठ काउंट्या आणि तीन टिकल्या

आज दिवसभर आग्नेय ओहायोतल्या एका अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होते. आठ काउंट्यांचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मिळून आर्थिक विकास आराखडा, त्याची बैठक. दर पाच वर्षांनी तो नवा केला नाही, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचं अनुदान अडतं.

हा अ‍ॅपलेशियाचा डोंगराळ पट्टा. त्याच्यासाठी 1965 पासून वेगळा आयोग आहे. आज त्यात 13 राज्यांतल्या 423 काउंट्या. बेकारी, दरडोई उत्पन्न आणि गरिबी बघून दरवर्षी प्रत्येक काउंटीची वर्गवारी ठरते. तळाच्या वर्गाला अनुदानाचा वाटा जास्त. म्हणजे जरा सावरलात की हात आखडता! आपल्याकडच्या पिवळ्या रेशनकार्डाचीच आठवण झाली.

भिंतीवर मोठे कागद लावले होते: उद्योग, पर्यटन, ब्रॉडबँड, पाणी-सांडपाणी. प्रत्येकाला तीन रंगीत टिकल्या, जे महत्त्वाचं वाटेल त्या कागदावर चिकटवायला. एका आजींनी तिन्ही टिकल्या पाण्याच्या कागदावर चिकटवल्या, अंगठ्याने दाबून दाबून. म्हटलं, एखादी उद्योगाला द्या की. तर म्हणाल्या, "नळाला पाणी नाही, कारखाना येऊन पिणार काय?"

आमच्या मसुद्यात पाणी 41व्या पानावर होतं. आत्ता जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून ते प्रकरण पुढे आणलंय. उद्या साहेब विचारतीलच.