गोळी सुटण्याआधीचा हिसका

अकरावीतली ही मुलगी दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये छान चालली होती. पॉइंट टूटू (.२२), म्हणजे दारूच्या काडतुसाचं, धडाका करणारं पिस्तूल हातात घेऊन २५ मीटरवर आली आणि गोळ्या खाली-डावीकडे, घड्याळातल्या सातच्या अंगाला पडू लागल्या. त्या दिवशी वडील मागच्या बाकावरून उठून आले.

"पोरगी भित्या काय ओ सर?"

तिनं ते ऐकलं. खांदे आणखी आवळले गेले.

कोल्हापुरात नेमबाजी शिकवताना हा प्रश्न मला फार लागतो. इथल्याच राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्यामुळे पालकांच्या आशा मोठ्या, आणि गोळी चुकली की ठपका थेट मुलीच्या धाडसावर.

मी टार्गेटकडे बघणं सोडून तिच्या बाजूला उभा राहिलो. मॅगझिन मीच भरलं. पाचांत दोन डमी काडतुसं, कुठली ते तिला ठाऊक नाही. खरी गोळी सुटली की पिस्तुलाचा धक्का सगळं झाकून टाकतो. डमीवर नुसतं टक् झालं आणि नळीचं तोंड सपकन खाली गेलं, पापण्याही मिटल्या.

रेंजवर याला फ्लिंच म्हणतात. दचकतो आपण आवाजानंतर. हे आवाजाआधीच घडतं. आता धडाका होणार, हे शरीर शिकून बसलेलं असतं. ट्रिगर सुटायच्या क्षणी मनगट आपोआप खाली दाबलं जातं, म्हणून उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी बहुधा खाली-डावीकडे जाते. मोठ्या आवाजाला पापणी मिटू लागते तीही सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत. तेवढ्यात धीर धरायला सवड कुठून मिळणार?

वडिलांना सुरक्षित अंतरावर उभं करून तेच दाखवलं. "ती भ्याली असती तर पुन्हा पिस्तूल उचललं नसतं. हे तिच्या हातातच नाही. रागावलात तर वाढेल," असं स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

त्या दिवशी खरी गोळी पुन्हा दिली नाही. कानात प्लग, वर मफ, आणि डमीवर ट्रिगर इतका सावकाश दाबायचा की कधी सुटला ते तिलाच कळू नये. पुढे एकेक खरी गोळी मधे घातली. आता तिचे शॉट मधे जमतात. रॅपिड फेरीत, दर गोळीला तीनच सेकंद मिळतात त्या घाईत, नळी अजून कधीकधी खाली जाते, म्हणून तिचं मॅगझिन सरावाला मीच भरतो.