पूरनकाशात भरतीची वेळही हवी

सध्या सुट्टीच्या दिवशी मी नवी मुंबईतल्या सानपाडा-जुईनगरचा पूरधोक्याचा नकाशा करतेय. नोकरीतही जीआयएसच, म्हणजे संगणकावर नकाशे बनवायचं काम करते, पण हे काम माझ्या शेजारपाजाऱ्यांसाठी.

जमिनीची उंची म्हणून आधी एसआरटीएमचा फुकट मिळणारा डेटा घेतला. 2000 साली अंतराळयानातल्या रडारने केलेली ही मोजणी. अडचण अशी की रडारला खारफुटीचा शेंडाच जमीन वाटतो. त्यामुळे खाडीकाठचा दलदलीचा पट्टा नकाशात चक्क उंचवटा दिसतो! शिवाय या डेटात उंचीचा एकेक चौकोन 30 मीटरचा. नाला, रस्ता आणि अर्धी सोसायटी त्यात एकाच उंचीची. यावर विसंबून कुणाला 'तुमच्याकडे पाणी येणार नाही' असं मी सांगणार नाही.

नदीकाठी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवणाऱ्या रेषा असतात. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. उल्हास नदीच्या काठी त्या फार मोलाच्या आहेत. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते आठवा. आमच्याकडे मात्र गणित वेगळं. नवी मुंबईचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची खाडीकडची झडपं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. तलावात गाळ भरला की साठवायला जागाच कमी. त्यात मुसळधार पाऊस नेमका भरतीला आला तर पाणी रस्त्यावर थांबतं. तोच पाऊस ओहोटीला पडला तर तासाभरात निघूनही जातो.

म्हणून माझे नकाशे दोन असतील, एक भरतीचा आणि एक ओहोटीचा. दोन्हींवर ट्रान्सफॉर्मर, तळमजल्यावरचे दवाखाने आणि भुयारी मार्ग. आणीबाणीत आधी कुठे धावायचं, हे तिथूनच कळतं.

पाणी किती उंच चढलं, ते मात्र माणसांकडूनच कळतं. 'पाणी कुठवर आलं होतं?' विचारलं की वॉचमनकाका गेटच्या कडीवर बोट ठेवतात, तळमजल्यावरच्या काकू मीटरची पेटी दाखवतात. मी टेपने मोजते आणि किती वाजता ते विचारून भरतीच्या तक्त्याशी ताडून बघते.

तुमच्याकडे पायऱ्या, गेट किंवा भिंत दिसणारे पाण्याचे फोटो असतील तर जरूर कळवा. फक्त वेळ ज्याने फोटो काढला त्याच्याच फोनमध्ये बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फोटोत ती राहत नाही.