मॅडम तुमच्या कोण लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी जालन्याहून संभाजीनगरची गाडी धरते आणि मनावर उपचार करणाऱ्या एका थेरपिस्ट बाईंसमोर पैसे देऊन 50 मिनिटं बसते. जाऊबाई, शेजारीण, शाळेतल्या बाया, सगळ्यांचं एकच म्हणणं: "त्या तुमच्या कोण लागतात? बोलायचंच तर आम्ही आहोत की."

कुणीच लागत नाहीत. चार वर्षं झाली, त्यांना मुलंबाळं आहेत का हेही मला ठाऊक नाही. एकदा धपाट्यांचा डबा नेला, तर हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, "आज डबा आणावासा का वाटला?" फार राग आला. आपल्याकडं डब्याची अशी चौकशी कुणी करतं का? पण तो सगळा वेळ डब्यावरच गेला. मागच्या शनिवारी मी त्यांना टोचून बोलले होते. डबा त्याची भरपाई होती.

माझे आई-बाबा ऊसतोडीला जायचे. बीड जिल्ह्यातलं गाव आमचं. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे दिवाळी झाली की जाणं चुकायचं नाही. मी आजीपाशी. रडते म्हणून मला झोपेतच ठेवून पहाटे निघायचे.

दुसऱ्या वर्षी मॅडम दिवाळीत दोन आठवडे सुट्टीवर गेल्या. परत आल्यावर पहिल्या शनिवारी मी गेलेच नाही. पुढच्या वेळी गेले आणि म्हणाले, "तुम्ही न सांगता गेलात." त्यांनी तीन आठवडे आधी सांगितलं होतं. शेजारणीला असं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "सांगितलं होतं की!" आणि तिचं बरोबरच असतं. मॅडम म्हणाल्या, "न सांगता गेलं की काय होतं?" मग मी वाकळीचं बोलले. जाग आली की आईच्या बाजूची वाकळ हाताला गार लागायची. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

याला ट्रान्सफरन्स म्हणतात. आपल्या जुन्या माणसावरची माया, राग, भीती समोर बसलेल्या माणसावर येते. व्हिएन्नात मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्याकडे येणारी 18 वर्षांची मुलगी, 'डोरा' हे तिचं टोपणनाव, 31 डिसेंबर 1900 रोजी उपचार अर्धवट सोडून निघून गेली. तिच्या मनातलं दुसऱ्या माणसाबद्दलचं आपल्यावर आलंय, हे वेळेत ओळखलं नाही, असं फ्रॉइडनं 1905 साली छापून कबूल केलं. ही कबुली मला फार मोठी वाटते. पेशंट रागावून गेला की दोष पेशंटचाच, असं म्हणणं किती सोपं होतं!

मॅडम कुणी लागत नाहीत, म्हणून तर त्या माझ्यासाठी आई होऊ शकल्या, आणि आईवर कधी काढता आला नाही तो राग निघाला. आईला आता गुडघ्यांनी उठवत नाही. तिला मी काय विचारणार?

यंदाही सुट्टी आहे. तारखा विचारून मी कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात. तरी राग आलाच. या शनिवारी तोच घेऊन गाडीत बसणार आहे.