कायनाइट: एकाच खड्याच्या दोन कठीणता

निळा पारदर्शक खडा दिसला की लोक थेट नीलम म्हणून मोकळे होतात. चांगला कायनाइट, हेही एक निळे खनिज, नुसत्या नजरेला तेवढा चकवतोच. पैलू पाडलेला खडा असेल तर वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचे माप) बघा: नीलमाचा 1.76 ते 1.77, कायनाइटचा 1.71 ते 1.73. कच्च्या स्फटिकाला उपकरणही लागत नाही. पात्यासारख्या चपट्या स्फटिकावर पोलादी सुई लांबीच्या दिशेने ओढली तर चरा पडतो. त्याच पृष्ठावर आडवी ओढली तर ती नुसती घसरते. मोह्स मापक्रमावर (खनिजांची कठीणता 1 ते 10 अशी मोजणारा) लांबीला कठीणता 4.5 ते 5, आडवी 6.5 ते 7.

कायनाइटमध्ये ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ज्या प्रमाणात असतात, तेच प्रमाण अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या खनिजांमध्येही असते. चिकणमातीचे थर खोल गाडले जाऊन रूपांतरित होताना दाब जास्त असेल तर कायनाइट तयार होतो, दाब कमी असेल तर अँडालुसाइट, आणि तापमान फार चढले तर सिलिमनाइट. म्हणून खडकात कायनाइट दिसला की भूवैज्ञानिक आधी दाबाचा अंदाज बांधतात. निळा रंग लोह आणि टायटॅनियमच्या अंशांमुळे येतो. तो सहसा मध्यावर गडद आणि कडांना फिका असतो, त्यामुळे एकसारख्या रंगाचा मोठा खडा दुर्मीळच.

खरी कसोटी पैलू पाडताना लागते. पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पातळीवर फुटण्याची खोड, इतके स्पष्ट की जोर जरा वाढला तरी पापुद्रे सुटतात. घासण्याच्या चकतीचा वेग कमी ठेवावा, हात हलका, आणि घासायच्या जाड भुकटीने सुरुवात करूच नये. एखादा पैलू पाटनपातळीला तंतोतंत समांतर आला तर त्याला पॉलिश चढत नाही, पृष्ठ उपटत राहते. तो काही अंश तिरपा घ्यावा लागतो. दिशा बदलली की घासण्याचा वेगही बदलतो, त्यामुळे एक पैलू झटकन खाली जातो आणि शेजारचा अडून बसतो.

अंगठीसाठी हा खडा मी सुचवणार नाही. लोलक किंवा कर्णफुले ठीक, तीही चारी बाजूंनी कड असलेल्या कोंदणात. दागिन्याला डाग देण्याआधी, म्हणजे धातूचा सांधा तापवून जोडण्याआधी, खडा काढून ठेवावा. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ दोन्ही वर्ज्य; कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे.

खाणीतला बहुतेक माल मात्र भट्टीला आतून लावायच्या, उष्णता सोसणाऱ्या विटांसाठी जातो. भाजल्यावर कायनाइटचे मुलाइट हे उष्णता सोसणारे खनिज होते आणि आकारमान बरेच फुगते. कच्चा माल जास्त घातला तर वीट तडकते, म्हणून तो आधी भाजून घेतात. थोडा कच्चा मात्र मुद्दाम मिसळतात: माती आकसते, कायनाइट फुगतो, आणि विटेचे माप टिकते.