तेहतीस नंबरची किक

ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियममध्ये टेक्सन्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा सामना असला की मी प्रेस बॉक्समधल्या आकडेवारीच्या टेबलावर असते. एनएफएल या त्यांच्या लीगच्या प्रत्येक सामन्याची अधिकृत नोंद अशी एक छोटी टीम ठेवते. एक जण दुर्बिणीतून बघत मोठ्यानं सांगतो: चेंडू कुणी फेकला, कुणी झेलला, किती यार्ड मिळाले, कुणी पाडलं. दुसरा ते कॉम्प्युटरवर चढवतो. तिसरा तेच कागदावर लिहितो, कारण मशीनचा भरवसा नाही. माझ्याकडे दुर्बीण. लग्नाआधी मुंबईत आझाद मैदानावर कांगा लीगचे स्कोअर लिहायचे, त्यामुळे नजर सामन्यावरून हलू न देण्याची सवय जुनीच आहे.

प्रेस बॉक्सचा एक कडक नियम आहे: तिथे टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, कुणाची बाजू घेणं नाही. आधीच्या काही वर्षांत तो पाळणं फारसं जड गेलं नाही. २०२० मध्ये चार विजय, २०२१ मध्ये चार, २०२२ मध्ये तीन. दोन हेड कोच आले आणि एकेका वर्षात घरी गेले. २०२२ च्या मोसमातला शेवटचा सामना इंडियानापोलिसमध्ये होता. तो टेक्सन्सनी शेवटच्या मिनिटात ३२-३१ असा जिंकला आणि इथले लोक चक्क हळहळले, कारण नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात कमी जिंकलेल्या टीमचा पहिला नंबर लागतो आणि त्या विजयामुळे तो हातचा गेला. त्याच रात्री हेड कोच लव्ही स्मिथ यांना काढल्याची बातमी आली. आपली टीम जिंकली म्हणून शहर चुकचुकतंय, हे बघून मला फार वाईट वाटलं होतं. हरण्याची इतकी सवय कुणाला लागू नये.

जानेवारी २०२३ च्या अखेरीस डिमेको रायन्स हेड कोच झाले. हे घरचंच माणूस. २००६ मध्ये टेक्सन्सनीच त्यांना ड्राफ्टमध्ये घेतलं, त्या वर्षी बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरले, सहा मोसम इथे लाइनबॅकर, म्हणजे बचावपटू म्हणून खेळले. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये टेक्सन्सनी दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, सी. जे. स्ट्राउडला घेतलं आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसऱ्या क्रमांकावर बचावपटू विल अँडरसनलाही.

मोसम सुरू झाल्यावर पहिले दोन सामने गेले, पण माझ्या टेबलावर फरक दिसायला लागला होता. पूर्वी चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायला एकच जण पोचायचा आणि बऱ्याचदा त्याच्या हातून तो निसटायचा. आता पाडलेल्या माणसावर तीन-तीन, चार-चार निळे जर्सीवाले दिसायचे. टॅकल (पाडणं) कुणाच्या नावावर आणि असिस्ट (त्याला मदत) कुणाच्या, हे ठरवताना आमची तारांबळ व्हायची. रायन्स सगळ्यांना हेच सांगत आले होते: चेंडू जिथे, तिथे सगळ्यांनी धाव घ्यायची. भाषणं सगळेच कोच करतात. ही गोष्ट नोंदीत उतरलेली मी रोज बघत होते.

५ नोव्हेंबर २०२३ चा रविवार. आदल्या आठवड्यात तोवर एकही सामना न जिंकलेल्या कॅरोलिनाकडून टेक्सन्स १५-१३ असे हरले होते, तेही शेवटच्या क्षणाच्या किकवर. तीन विजय, चार पराभव. आता टँपा बे बकनीअर्स आले होते. त्याच पहाटे अमेरिकेत घड्याळं तासभर मागे गेली होती. उठले तेव्हा फोनवर दादरपासून ठाण्यापर्यंतच्या नातेवाइकांचे मेसेज ओसंडत होते, कारण ईडन गार्डन्सवर विराट कोहलीनं वाढदिवशीच एकोणपन्नासावं वनडे शतक ठोकून सचिनची बरोबरी केली होती. आनंदानं भरल्या मनानं मी कामावर गेले.

पहिल्या अर्ध्या वेळात टेक्सन्स १०-१७ असे मागे पडले. आणि मग कळलं की किकर कायमी फेअरबर्न मांडीच्या दुखापतीमुळे पुढे खेळणार नाही. वाचकांसाठी सांगते, टीमकडे किकर एकच असतो. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन. त्याचे सहा गुण झाले की एरवी किक मारून सातवा घेतात, लांबून गुण मिळवायचे तर फिल्ड गोलची किक, पुन्हा डाव सुरू करायचा तर तीही किक. म्हणजे किकर गेला की एखाद्या दुकानाचा गल्लाच बंद पडल्यासारखं होतं.

उत्तरार्धात टेक्सन्सनी खांदे पाडले नाहीत. नोआ ब्राउननं चेंडू झेलला आणि पंचाहत्तर यार्डांचा टचडाउन झाला. त्याच्या पाठीवरचा पंच्याऐंशी नंबर दुर्बिणीतून सुटू नये म्हणून मी श्वास धरून बसले होते. किकर नाही, म्हणून टचडाउननंतर ते एकाऐवजी दोन गुणांसाठी पुन्हा चेंडू घेऊन घुसत. दोनदा फसले, तिसऱ्यांदा जमलं. सामना ३०-३० वर आला.

चौथ्या क्वार्टरमध्ये एका चढाईत चौथी, म्हणजे शेवटची संधी आली आणि टेक्सन्सची फिल्ड गोलची माणसं मैदानात उतरली. मी दुर्बीण फिरवली.

“किकर?” कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं.

“तेहतीस.”

“तेहतीस रनिंग बॅक आहे.”

“हो. तेहतीस.”

तो होता डॅरे ओगुनबोवाले. डब्ल्यूएनबीए या महिला बास्केटबॉल लीगमध्ये गाजणाऱ्या अरिकेचा भाऊ. ज्याचं काम चेंडू पोटाशी धरून गर्दीत डोकं घालायचं, तो आता मागे पावलं मोजत उभा होता. किकऑफही तोच मारत होता. मला त्याच्या चेहऱ्यापेक्षा बाकीच्यांचं वागणं लक्षात राहिलं. कुणी वळून बेंचकडे बघत नव्हतं, कुणी हातवारे करत नव्हतं. समोर भिंत धरणारे, चेंडू जमिनीवर धरणारा, सगळे नेहमीसारखे आपापल्या जागी. एकोणतीस यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून गेला. ३३-३०. किकर किंवा पंटर (चेंडू लांब टोलवणारा) नसलेल्या खेळाडूनं एनएफएलच्या सामन्यात फिल्ड गोल मारण्याची गोष्ट २००४ मध्ये मायामीच्या वेस वेल्करनंतर घडलीच नव्हती.

स्टेडियमचा आवाज काचेतूनही छातीत जाणवत होता. आमच्या रांगेत मात्र फक्त कीबोर्डचा टकटकाट. माझा एक हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला.

बचाव त्या दिवशी गळका होता, हे खरंच. सेहेचाळीस सेकंद उरले असताना केड ऑटननं झेल घेऊन टँपाला ३७-३३ असं पुढे नेलं. गेल्या तीन वर्षांतलं हे स्टेडियम असतं तर लोक उठून पार्किंगकडे निघाले असते. त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. पंचाहत्तर यार्ड जायचे होते, आणि क्वार्टरबॅक स्ट्राउडचा हा एनएफएलमधला पहिलाच मोसम. तो मात्र भराभर, न गोंधळता चेंडू फेकत गेला. माझ्या तोंडून नंबर एकामागोमाग एक निघत होते आणि शेजारच्याची बोटं कशीबशी पोचत होती. शेवटी पंधरा यार्डांवरून टँक डेल. तो आमच्याच ह्यूस्टन विद्यापीठातून आलेला, उंचीनं पाच फूट आठ इंच, बाकीच्यांमध्ये शाळकरी पोरासारखा दिसणारा. “सात कडून तीन. पंधरा. टचडाउन.” माझा आवाज कापला तेवढाच. घड्याळात सहा सेकंद होते. ३९-३७.

लोक नाचत होते तेव्हा आमचं खरं काम सुरू झालं. कागद आणि कॉम्प्युटर समोरासमोर ठेवून स्ट्राउडचे यार्ड पुन्हा जुळवले: ४२ पैकी ३० पास पूर्ण, ५ टचडाउन, एकही इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेला पास) नाही, ४७० यार्ड. पहिल्या वर्षाच्या खेळाडूनं एका सामन्यात इतके यार्ड कधीच फेकले नव्हते. आधीचा आकडा अँड्र्यू लकचा, ४३३. चेंडू झेलणारे ब्राउन, शुल्ट्झ आणि डेल, तिघांचेही शंभरावर यार्ड. कागद आणि कॉम्प्युटर एका यार्डानंही वेगळे निघाले नाहीत. मुंबईत स्कोअरबुक आणि फळा जुळला की मिळायचं तेच समाधान, पण यावेळी डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही.

पुढचं सगळं सरळ गेलं नाही. डिसेंबरमध्ये डेलचा पाय मोडला, मग स्ट्राउडच्या डोक्याला मार बसून तो काही सामने बाहेर होता. त्याच्या जागी केस कीनमनं टेनेसीला ओव्हरटाइममध्ये हरवलं. तिथेही मला तेहतीस नंबरची तीच किक दिसली: माणूस बदलला तरी बाकीचे जागच्या जागी. म्हणूनच मी या बदलाचं श्रेय सगळ्यात आधी रायन्स यांना देते, स्ट्राउडला नंतर. इंडियानापोलिसमध्ये शेवटचा सामना २३-१९ असा जिंकून टेक्सन्स दहा विजय, सात पराभवांवर पोचले. वर्षभरापूर्वी त्याच मैदानावर जिंकल्याबद्दल इथले लोक हळहळले होते, या वेळी घराघरांतून फटाके वाजले.

१३ जानेवारीला एनआरजीवर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, क्लीव्हलँड ब्राउन्स आले. बचावानं लागोपाठच्या दोन डावांत चेंडू हिसकावून थेट टचडाउन केले. “एकवीस,” मी ओरडले, आणि थोड्याच वेळात, “अठ्ठेचाळीस.” निकाल ४५-१४. कुणी मला नियमाची आठवण करून दिली नाही. ओरडून सांगणं हेच तर माझं काम.