ती नुसती निरोप पोचवायची का?

महायुद्धातल्या स्त्री हेरांबद्दल मी बोलते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: "या बायका दिसायला देखण्याच असतील ना? अधिकाऱ्यांना भुलवून गुपितं काढत असतील?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पहिल्या महायुद्धात हेर म्हणून गाजलेली नर्तकी माता हारी असते. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ज्यांनी हे काम केलं, त्यांना कुणाच्या नजरेत भरणं परवडणारंच नव्हतं.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तिथल्या, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने तरुणांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला धाडण्याचा कायदा केला. मग धडधाकट तरुण भरदिवसा रस्त्यावर दिसला की त्याला अडवून कागद मागायचे. बाई पिशवी अडकवून सायकलवरून निघाली, तर बाजाराला निघाली असेल असं सगळे धरून चालायचे. ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेच्या, फ्रान्सचं काम पाहणाऱ्या एफ विभागाने ३९ बायका फ्रान्समध्ये उतरवल्या, त्यामागे हा साधा हिशेब होता. त्यातल्या १३ परत आल्या नाहीत.

बिनतारी यंत्र चालवणारीचं काम सगळ्यांत जिवावरचं. यंत्र सुटकेसमध्ये मावायचं, पण वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि एरियलची लांबलचक तार कुठेतरी पसरावी लागायची. संदेश सुरू झाला की जर्मनांच्या शोधगाड्या त्याचा माग काढायला लागायच्या. वस्तीतली वीज ते एकेका भागात बंद करत जायचे. ज्या क्षणी संदेश तुटला, त्या क्षणी घर कुठल्या भागात आहे ते कळलं! म्हणून थोडक्यात संदेश पाठवायचा, तार गुंडाळायची, सुटकेस उचलायची आणि दुसरं घर गाठायचं.

नूर इनायत खान हे करत होती. टिपू सुलतानाच्या वंशातली, लहान मुलांसाठी गोष्टी लिहिणारी, प्रशिक्षणात जिच्याबद्दल वरिष्ठांनी शंका नोंदवल्या होत्या ती. जून १९४३ मध्ये ती फ्रान्समध्ये उतरली आणि थोड्याच दिवसांत पॅरिसमधल्या तिच्या गटाची धरपकड सुरू झाली. लंडनने परत बोलावलं, ती थांबली. ऑक्टोबरात पकडली जाईपर्यंत जागा बदलत बदलत ती लंडनशी संपर्क ठेवत राहिली. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला आणि आणखी तिघींना गोळ्या घातल्या. तिच्या नावापुढे लोक "राजकन्या" लावतात, तेव्हा मला खटकतं. त्या चार महिन्यांत तिच्या कामी आली ती तिची चिकाटी.

आणि "ती काय, नुसती निरोप पोचवायची" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एसओईचीच पर्ल विदरिंग्टन सप्टेंबर १९४३ मध्ये पॅराशूटने उतरली ती निरोप पोचवायलाच. सौंदर्यप्रसाधनांची विक्रेती म्हणून ती हिंडायची. मुक्कामाला खात्रीचं घर नसलं की रात्रीच्या गार पडलेल्या रेल्वेडब्यातच झोप काढायची. मे १९४४ मध्ये तिचा प्रमुख पकडला गेला तेव्हा गटातली माणसं, घरं, रस्ते हिला पाठ होते, कारण प्रत्येकाकडे निरोप घेऊन हीच गेलेली. मग एका भागाची सूत्रं तिने घेतली आणि हजारावर बंडखोर तिच्या हाताखाली आले. जर्मनांनी तिच्यावर दहा लाख फ्रँकचं इनाम लावलं.

म्हणजे शत्रूला तिची किंमत कळली होती. आपल्या बाजूच्यांना कळायला वेळ लागला. फ्रान्सच्या मुक्तिलढ्याचा सर्वोच्च सन्मान १,०३८ व्यक्तींना मिळाला, त्यांत बायका फक्त ६. हजारोंचं 'अलायन्स' हे हेरजाळं चालवणारी मारी-मादलेन फुर्काद त्यांत नाही.

ब्रिटनमध्ये पर्लसाठी मिलिटरी क्रॉसची शिफारस झाली, पण ते पदक बायकांना देत नसत. त्याऐवजी देऊ केलेला एमबीई हा मुलकी किताब तिने परत केला; आपण केलेल्या कामात मुलकी काहीच नव्हतं, असं तिचं म्हणणं. पॅराशूटधारकांचा पंखांचा बिल्लाही तिला नाकारला गेला होता, कारण त्यासाठी पाच उड्या लागत आणि बायकांना सरावाच्या तीनच देत. चौथी थेट शत्रूच्या मुलखात! तो बिल्ला तिला मिळाला २००६ मध्ये, नव्वदी उलटल्यावर. इतकी वर्षं आपण त्याबद्दल कुरकुरत होतो, असं तिने तेव्हा सांगून टाकलं.