पाटाचा झेंडू आणि ठिबकचा झेंडू

रोपं एकाच ट्रेमधली, लागवडही एकाच दिवसाची. शेत मात्र मधोमध विभागलेलं. एकीकडे सरी-वरंबा, 60 × 45 सेंमी अंतर, पाटपाणी आणि हातानं टाकलेलं खत. दुसरीकडे गादीवाफे, 25 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, ताशी 4 लिटरचे ड्रीपर, व्हेंच्युरीतून (खत ओढून वाहत्या पाण्यात मिसळणाऱ्या साधनातून) विद्राव्य खत. पन्नासाव्या दिवशी तुलनेच्या नोंदी घ्यायला गेलो, तर माना टाकलेली झाडं ठिबकच्या बाजूला!

मोटर रोज ठरल्या वेळी चालत होती. आधी मर रोगाची शंका आली, म्हणून लॅटरलच्या, म्हणजे ड्रीपर असलेल्या नळीच्या, शेपटाकडचं एक झाड उपटलं. मुळं पांढरी, धडधाकट. पेपरखालची माती मात्र मुठीत दाबली तर लाडू होईना, भुगाच होत होता. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब जवळपास सारखा, म्हणजे फिल्टर तुंबलेला नव्हता. मग ड्रीपरखाली मोजपात्र ठेवून तीन मिनिटं पाणी धरलं. 200 मिली भरायला हवं. तोंडाकडे 195 भरलं, शेपटाकडे 110. खत पाण्यातूनच जातं, त्यामुळे शेपटाकडची झाडं तहानलेली तर होतीच, उपाशीही होती. कळ्या हरभऱ्याएवढ्याच राहिलेल्या.

लॅटरलच्या टोकाचं बूच (एंड कॅप) उघडताच दुधट पाणी आलं. ड्रीपर कापला, आत पांढरी पुटं. त्यावर आम्लाचा थेंब टाकला. पूट विरघळलं, पण फेस आला नाही. पाण्यातला चुना असता तर फसफसला असता. हा कॅल्शियम फॉस्फेटचा साका होता: 12:61:0 हे फॉस्फेटचं खत आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच बादलीत कालवलं जात होतं. त्यात व्हेंच्युरी फिल्टरच्या पुढे बसवलेली, म्हणजे साका अडवायला वाटेत काहीच नाही. शेपटाकडे प्रवाह मंदावतो, तिथंच तो बसतो.

पाटाच्या बाजूलाही सगळं आलबेल नव्हतंच. सरीच्या तोंडाशी पाणी साचून झाडं पिवळी, शेवटाला खुरटलेली. पण ते बांधावरून दिसतं. ठिबकचा दोष पेपरखाली झाकलेला राहतो आणि झाड कोमेजेपर्यंत कळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा तोंड, मध्य आणि शेपूट अशा तीन ठिकाणी पाणी मोजायला दहा मिनिटं पुरतात. नेमकं तेच कुणी करत नाही.

आधी सबमेनचा (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या पाइपचा) फ्लश व्हॉल्व्ह उघडला, मग चार-चार लॅटरल नितळ पाणी येईपर्यंत धुतल्या. नंतर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू (pH) 4 येईपर्यंत. (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. गंधकाम्ल इथं नको, कॅल्शियमशी जुळून त्याचा जिप्सम होतो.) चोवीस तास संच बंद ठेवला आणि धुवण पिकाबाहेर काढलं.

शेपटाकडे आता 180 भरतंय. सात ड्रीपर काही केल्या सुटले नाहीत, ते बदलले. व्हेंच्युरी फिल्टरच्या अलीकडे घेतली, कॅल्शियम नायट्रेटला वेगळा वार दिला. त्या टोकाची पहिली तोडणी मात्र बारीक फुलांचीच निघणार, कारण कळ्या आधीच बांधल्या गेल्यात.